बी विंग ग्रुप : सरप्राइज कुणी फोडलं?

चिंगीची आई (२०४): नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं, राग नाहीये, फक्त विचारतेय. काल संध्याकाळी खाली झोपाळ्यापाशी आमच्या चिंगीला "तू सुट्टीत थीम पार्कला जाणारेस ना" असं कुणी सांगितलं? दोन महिने लपवून ठेवलं होतं आम्ही, तिकिटांचा मेलसुद्धा बाबाच्या ऑफिसच्या अकाउंटवर मागवला आणि काल ही झोपताना शांतपणे म्हणते, आई मला माहितीये, तू टेन्शन घेऊ नको

४०४: राग नाहीये म्हणजे आहे

चिंगीची आई: हो आहे

बंड्याचे बाबा (३०१): सरप्राइज वगैरे नंतर. आधी उंची मोजा.

सेक्रेटरी: हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी आहे. खासगी विषय कृपया खासगीत.

४०४: काका लिफ्ट पण राइडच झालीये. दुसऱ्यावर थांबते, विचार करते, मग एकदम खाली. विषय ग्रुपला धरूनच आहे

१०३ काकू: अगं मीच बोलले असेन. मला वाटलं तिला माहीत असेल. तूच जिन्यात मला सांगितलंस आणि म्हणालीस कुणाला सांगू नका, पण चिंगीला सांगू नका असं काही तू म्हणाली नव्हतीस

चिंगीची आई: काकू 🙏

४०४: पॉइंट आहे पण काकूंचा

बंड्याचे बाबा: परत सांगतो. तिकीट काढण्याआधी उंची मोजा. मागच्या वर्षी चार घरं मिळून गेलो होतो, सगळ्यांना आठवत असेलच.

गोट्याची आई (३०३): आठवतंय. दर महिन्याला आठवण करून देता तुम्ही

बंड्याचे बाबा: कारण रडला आमचा होता. बंड्या ९८ सेंटीमीटर आणि पाटी १०२ ची. पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि तोंडाशी गेल्यावर त्या मुलीने काठी लावली. तिची चूक नाही, ती तिचं काम करत होती. ती पाटी रांगेच्या सुरुवातीलाच होती आणि आम्ही सगळे फोटो काढत होतो. बऱ्याच मोठ्या राइड्सना १०२, ११२, १२२ अशा खुणा असतात. फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमधल्या स्पेस माउंटनला ११२ लागते. चार सेंटीमीटरसाठी कुणी सोडत नाही आणि सोडूही नये, कारण तो दांडा आणि पट्टा त्या मापाच्या अंगासाठीच बनवलेला असतो

४०४: बंड्या आता किती?

बंड्याचे बाबा: १०५. पण प्रश्न तो नाही.

चिंगीचे बाबा (२०४): अरे सोडा ना. ती खुश आहे. आता कळलंच आहे तर हे बघा, तिकिटं पण आली

[फोटो]

चिंगीची आई: अरे तू काय टाकलंस

४०४: दादा बारकोड दिसतोय

बंड्याचे बाबा: डिलीट करा लगेच, "सगळ्यांसाठी" करा, नुसतं "माझ्यासाठी" नको

[हा मेसेज डिलीट केला आहे]

चिंगीचे बाबा: ग्रुपवर सगळे आपलेच आहेत की

सेक्रेटरी: ग्रुपवर ८६ नंबर आहेत. त्यातले ११ कुणाचे आहेत ते मलाही माहीत नाही. दोनदा विचारून झालं, कुणी उत्तर देत नाही.

आजोबा ५०२: चिंगीच्या बाबांनी लक्षात घ्यावे की गेटवर कागद बघत नाहीत, कोड बघतात. तो एकदा वाचला गेला की नंतर येणारा खोटा ठरतो, मग तुम्ही तिथे ओळखपत्र दाखवत बसा. आणि हे आजचे नाही. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडले, तो दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता, तरी बनावट पासांवर हजारो लोक आत आले. नुकतेच टाकलेले डांबर मऊ, बायकांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या तोट्याही पुरेशा चालू नव्हत्या.

४०४: म्हणजे आपल्या सोसायटीच्या उद्घाटनासारखंच

सेक्रेटरी: पाण्याचा विषय निघालाच आहे तर उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार आहेत.

१०३ काकू: [फोटो: गुलाबाचं फूल]

चिंगीची आई: बरं झालं ते झालं. आता मला मदत करा. सरप्राइज गेलं, पण काहीतरी हातात द्यायचंय ना तिला. नुसता फोनवरचा मेल दाखवून "हे घे गिफ्ट" कसं म्हणू

चिंगीचे बाबा: मी म्हणतोय कशाला हातात काही. अनुभव हेच गिफ्ट. व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा पेपर आहे, लोकांना विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा घेतलेल्या अनुभवाने जास्त आनंद झाला असं त्यात आलंय

गोट्याची आई: तो मोठ्या माणसांना विचारून केलेला अभ्यास आहे. सात वर्षांच्या पोरीला खोकं लागतं उघडायला. माझ्या पुतणीला आम्ही असंच पाकिटात तिकीट दिलं होतं, तिने पाकीट उलटं करून हलवलं आणि विचारलं बाकीचं कुठेय

४०४: हाहाहा बाकीचं कुठेय

चिंगीची आई: तेच तर म्हणतेय मी याला

जुळ्यांची आई (४०२): आम्ही नकाशाचं जिगसॉ केलं होतं ताई. पार्कचा नकाशा बहुतेक त्यांच्या साइटवर मिळतो, मोठ्या कागदावर छापायचा, पुठ्ठ्याला चिकटवायचा आणि कापायचा. रोज एक तुकडा उशीखाली. कुठला पार्क ते शेवटच्या तीन तुकड्यांत कळतं म्हणून नावाची कमान मुद्दाम शेवटी ठेवली. फक्त जुळ्यांना वेगवेगळे तुकडे देऊ नका, आमच्याकडे एकीने दुसरीचा तुकडा दोन दिवस दडवून ठेवला, दप्तरात सापडला

चिंगीची आई: हे भारी आहे. पण हिला पार्क माहितीये आता

१०३ काकू: पार्कचं नाव मी नव्हतं सांगितलं हो. मलाच ते नीट म्हणता येत नाही

चिंगीची आई: काकू खरंच?? मग अजून अर्धं सरप्राइज शिल्लक आहे

बंड्याचे बाबा: नकाशा छापाल तेव्हा प्रत्येक राइडपुढे उंचीची अट लिहा. आधी उंची मोजा आणि मग बसत नाहीत त्या राइड्स नकाशातूनच वगळा. न दिसलेल्या राइडसाठी कुणी रडत नाही.

४०४: बंड्याच्या बाबांचा हा मेसेज पिन करा कुणीतरी, म्हणजे त्यांना परत टाइप करायला नको

जुळ्यांची आई: कागदी कड्यांची साखळी नका करू. आम्ही ४० कडी लावली होती, रोज एक तोडायचं असं ठरलं. पाचव्या दिवशी दोघींनी मिळून वीस तोडली आणि बॅगा भरून दारात उभ्या

गोट्याची आई: एक बोलू का. राग मानू नका कुणी. हे सगळं छानच आहे, कौतुकच आहे. पण खाली मुलं एकमेकांना विचारतात तू कुठे जाणार, तू कुठे जाणार. आमचा वर येतो आणि काही न बोलता वही काढून बसतो. प्रत्येकाला दरवर्षी जमतंच असं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, फक्त इथे नकाशे आणि फोटो टाकताना थोडं बघावं इतकंच

चिंगीचे बाबा: आता आनंद पण लपवायचा का?

चिंगीची आई: तू थांब

चिंगीचे बाबा: मी फक्त विचारलं

गोट्याची आई: नाही हो, तुम्ही कशाला लपवाल. तुम्ही तर तिकिटंसुद्धा लपवत नाही

४०४: 👀

१०३ काकू: [फोटो: गुलाबाचं फूल]

सेक्रेटरी: काकू तुमच्याकडून तेच फूल दोनदा आलंय.

१०३ काकू: मुद्दाम पाठवलं. दोघांना एक एक

आजोबा ५०२: गोट्याच्या आईंचे म्हणणे रास्त आहे. मी एक सुचवतो. डिस्नीलँडमध्ये पूर्वी आतासारखे एका तिकिटात सगळे नसे. आत जाण्याचे वेगळे आणि राइडसाठी कुपनांचे पुस्तक. आधी ए, बी, सी होती. डी नंतर आले, आणि १९५९ साली ई. ए म्हणजे साधीसुधी राइड आणि ई म्हणजे सगळ्यात जोरदार. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली, पण अमेरिकेत एखादी गोष्ट झकास असली की अजूनही तिला "ई तिकीट" म्हणतात. माझा मुलगा लहान असताना मी घरी असे पुस्तक शिवून दिले होते. वीस पाने. ए ला आजोळी अंगणात तंबू. बी ला रात्री उशिरापर्यंत जागायची परवानगी. सी ला मी म्हणेन त्या दिवशी सुट्टी टाकून दिवसभर त्याच्याबरोबर. ई एकच होते, जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात दोनदा बसणे. आम्ही कुठल्याच पार्कला गेलो नव्हतो तेव्हा. ते पुस्तक त्याने अजून ठेवले आहे, त्यातले एक सी वापरायचे राहिले आहे.

जुळ्यांची आई: आजोबा 🙏

चिंगीची आई: आजोबा हे मी करणार. जाणाऱ्यांना पण चालेल की, पार्क म्हणजे त्यातलं एक ई पान, बाकी सगळं घरचं

चिंगीचे बाबा: आणि प्रत्येक पान कमवायचं. गणितात चांगले मार्क आले तर ई

गोट्याची आई: मग ते गिफ्ट कुठे राहिलं, तो पगार झाला

४०४: आणि पगार पण उशिरा

चिंगीची आई: मार्कांची अट नाही. विषय संपला

बंड्याचे बाबा: मार्कांची नाही पण उंचीची आहे. ई पानावर उंची लिहा.

४०४: गोट्याच्या आई, एक आयडिया. माझ्याकडे फ्रिज आणि वॉशिंग मशीनची दोन मोठी खोकी पडून आहेत, आणि गोट्यांची बरणी पण आहे, खेळायच्या गोट्या, तुमचा नाही. गच्चीवर सगळ्या मुलांना घेऊन पुठ्ठ्याचा रोलर कोस्टर करू. पाइपचे अर्धे उभे काप करायचे, त्यातून गोटी सोडायची. जाणारे न जाणारे सगळे त्यात

आजोबा ५०२: मी येतो. मुलांना एवढेच दाखवायचे की पहिला चढ सगळ्यात उंच हवा. साखळीने ओढून वर नेणाऱ्या कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते, साखळीने वर नेले की पुढचे सगळे उंचीवर चालते आणि वाटेत घर्षण थोडे थोडे खात जाते. म्हणून दुसरा चढ पहिल्याएवढा केलात तर गोटी मागे फिरेल. आणि उलटी गिरकी करायची तर ती गोल नको, थेंबाच्या आकाराची हवी. जुन्या गोल गिरक्यांत माना आखडायच्या. व्हर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनियरने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनला थेंबाकृती गिरकी बसवली, तेव्हापासून जगभर तसेच करतात.

४०४: आजोबा तुम्ही चीफ इंजिनियर. मी मजूर

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली मिळणार नाही. मागच्या वेळी पतंगानंतर पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी तोडलं त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

चिंगीचे बाबा: ते झाकण आधीच तुटलेलं होतं

सेक्रेटरी: तुम्हाला कसं माहीत?

चिंगीचे बाबा: 👍

गोट्याची आई: गच्ची नको तर लॉबीत करा. गोट्या येईल. त्याने आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचलं आणि विचारतोय फ्रिजचं खोकं किती मोठं आहे

४०४: त्याला सांगा तो आत मावेल

चिंगीची आई: गोट्याची आई, मला एक सांगायचं होतं, म्हणजे विचारायचं. आमच्याकडे एक तिकीट जास्त आहे, हिच्या आत्याचं जमत नाहीये. गोट्या येईल का आमच्याबरोबर

गोट्याची आई: नको हो ताई. तसं म्हणून नव्हते बोलले मी

चिंगीची आई: माहितीये मला. चिंगीच म्हणतेय की गोट्याशिवाय मोठ्या राइडला कुणाबरोबर बसू, बाबा घाबरतो

चिंगीचे बाबा: हे ग्रुपवर लिहायची गरज होती का

जुळ्यांची आई: ताई तिकिटावर नाव आहे का बघा आधी. काही ठिकाणी तारीख आणि नाव दोन्ही पक्कं असतं, दुसऱ्याला देता येत नाही. आणि वय कुठल्या दिवशीचं धरतात ते पण बघा, बहुतेक ठिकाणी जायच्या दिवशीचं. आमच्या जुळ्या बुक करताना फुकटात होत्या, जाईपर्यंत वाढदिवस झाला

चिंगीची आई: नाव नाहीये, बघितलं मी. आणि कुणाला वर जायचं नसेल तर काय करायचं तेही वाचून ठेवलंय, बऱ्याच ठिकाणी एक पालक राइडला, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग अदलाबदल, दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लागत नाही. गेटवर विचारायचं फक्त

४०४: म्हणजे चिंगीच्या बाबांसाठी सोय आहे

१०३ काकू: गोट्याला जाऊ दे गं. मी यावेळी खरंच कुणाला काही सांगणार नाही

गोट्याची आई: काकू हे ८६ जणांनी वाचलंय

गोट्याची आई: विचारते ह्यांना. थँक्यू ताई

बंड्याचे बाबा: गोट्याची उंची किती?

४०४: 😂😂

गोट्याची आई: दारामागच्या खुणेवर गेल्या वाढदिवसाला १०९ होता

बंड्याचे बाबा: बूट घालून की अनवाणी? तिथे बुटांसकट मोजतात पण टाच उचलली की लगेच ओळखतात. चिंगीची?

चिंगीची आई: मोजलीच नाही अजून

बंड्याचे बाबा: मी सकाळपासून काय सांगतोय

(दुसऱ्या दिवशी)

सेक्रेटरी: लॉबीतल्या भिंतीवर, लिफ्टच्या डाव्या बाजूला, पेन्सिलने रेघा कुणी ओढल्या आहेत? १०२, ११२, १२२ असे आकडे आणि पुढे बाण. रंग होऊन तीन आठवडे झाले नाहीत. दीड वर्ष भांडून तो रंग झाला आहे. ज्याने केलं त्याने स्वतःहून सांगावं.

४०४: मी रात्री खोकी ठेवायला खाली आलो तेव्हा नव्हत्या

जुळ्यांची आई: माझ्या दोघी सकाळी तिथे टाचा वर करून उभ्या होत्या, पण पेन्सिल त्यांच्याकडे नव्हती

चिंगीची आई: चिंगी ११३ आहे!! गोट्या पण बसतोय, १११ वाटतंय पण बूट काढून

गोट्याची आई: बुटात ११२ होईल ना

सेक्रेटरी: माझा प्रश्न रेघांचा आहे.

बंड्याचे बाबा: मापं बरोबर आहेत. टेपने दोनदा तपासली.