मदत हवी आहे : मूतखडा निघाला, पण आतल्या स्टेंटचा त्रास कितपत सोसावा?

नमस्कार मंडळी,

मी ४३ वर्षांचा असून कोल्हापुरात राहतो आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत पर्यवेक्षक आहे. डाव्या मूत्रवाहिनीत अडकलेला ८ मिलिमीटरचा खडा मागच्या आठवड्यात कमरेत इंजेक्शन देऊन, दुर्बिणीतून लेसरने फोडून काढण्यात आला. दुसऱ्या दिवशी कॅथेटर काढून मला घरी सोडले. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक डीजे स्टेंट (दोन्ही टोकांना वेटोळे असलेली बारीक नळी) मात्र आत ठेवला आहे आणि तो काढण्याची तारीख कार्डावर लिहून दिली आहे.

खडा गेल्यावर सुटका होईल असे वाटले होते, पण आता वेगळाच त्रास सुरू झाला आहे. लघवी संपत येते तेव्हा डाव्या बरगडीखाली, पाठीच्या बाजूला कळ चढते आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरते. तासाभराच्या आत पुन्हा जावे लागते, जाऊन आल्यावरही मोकळे वाटत नाही आणि रात्रीची झोप पार मोडून गेली आहे. सकाळी लघवी स्वच्छ असते, पण रंकाळ्यावर थोडे चालून आलो की तिला लालसर रंग येतो. ताप नाही. टॅमसुलोसिन, पॅरासिटामॉल आणि लघवीची जळजळ कमी करणारे पातळ औषध चालू आहे. डॉक्टरांनी 'नळी आहे तोवर असे होणारच' एवढेच सांगितले. बाहेर रांग असल्यामुळे मलाही पुढे विचारता आले नाही.

हे कितपत स्वाभाविक आहे? मोटारसायकलने शिरोलीला जाऊन भट्टीजवळ काम करणे इतक्यात योग्य ठरेल का? स्टेंट पूर्ण भूल न देता काढतात असे ऐकले, ते सोसवते का? घरी हुलग्याचे माडगे आणि पानफुटीची पाने यांचा आग्रह चालू आहे, शिवाय गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे दूध कायमचे बंद करा असेही सांगतात. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

नमस्कार. माझ्याही आत अशी नळी होती, त्यामुळे तुमचे वर्णन वाचताना काहीच नवे वाटले नाही. मूत्रवाहिनी मूत्राशयात जिथे उघडते तिथे एरवी लघवी एकाच दिशेने जाऊ शकते. स्टेंटमुळे ती वाट उघडी राहते आणि मूत्राशय आकुंचन पावले की दाब थेट मूत्रपिंडापर्यंत चढतो. लघवीच्या शेवटी पाठीत उठणारी कळ ही त्याचीच. नळीचे खालचे वेटोळे मूत्राशयाच्या तळाशी घासत असल्यामुळे लघवीची सारखी भावना होते, आणि हालचालीने घर्षण वाढले की रक्त दिसते. म्हणून लघवी फार वेळ तुंबवू नये, करताना जोरही लावू नये, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. वारंवार जावे लागणे असह्य असेल तर मूत्राशय शांत करणारी सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारखी गोळी देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. मला तिनेच झोप मिळाली, मात्र सोलिफेनासिनने तोंड कोरडे पडते. टॅमसुलोसिनमुळे एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, त्यामुळे रात्री अंथरुणातून सावकाश उठावे. दुखण्यासाठी दुकानातून दुसऱ्या गोळ्या परस्पर घेऊ नका, कारण त्यांतल्या काही मूत्रपिंडाला सोसत नाहीत.

लघवीला पातळ कोकम सरबतासारखा रंग आला तर पाणी वाढवून विश्रांती घेतली की तो बहुधा निवळतो. मात्र थंडी वाजून ताप आला (१००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक), रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडकली किंवा गोळी घेऊनही कळ थांबेना, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. नळी असताना ताप अंगावर काढणे धोक्याचे असते.

कामाबद्दल माझे स्पष्ट मत असे, की नळी निघेपर्यंत टेबलाचे काम मागून घ्यावे. महामार्गावरचे धक्के हा एक भाग झाला. भट्टीजवळ घाम जाऊन लघवी घट्ट होते आणि पुढच्या खड्याची तयारी तिथेच होते. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी लागते, म्हणजे उष्णतेत काम करणाऱ्याला साडेतीन-चार लिटरसुद्धा प्यावे लागेल.

माडगे खुशाल प्या, पण ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही. पानफुटी आणि इतर काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दूध तर मुळीच सोडू नका. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते, त्यामुळे दूध तोडल्यास उलट धोका वाढतो. कमी करायचे ते मीठ आणि रोजचे मटण. तिखटाने खडा होत नाही, तरी जळजळ आहे तोवर मिसळीचा कट जरा आवरता घ्यावा. खड्याचे तुकडे तपासणीला पाठवले होते का, हेही विचारून घ्या. आहाराचे नेमके त्यावरून ठरते.

आणखी एक प्रतिसाद :

माझ्या वडिलांचा स्टेंट गेल्या वर्षी निघाला. बधिर करणारी जेली घालून बारीक दुर्बिणीने नळी ओढून घेतात. काही मिनिटांचे काम असते, सुखद नाही पण सोसवते. त्या क्षणी अंग आवळून न धरता श्वास सोडत राहायला सांगतात. नंतर दिवसभर जळजळ होते आणि काही तास पाठीतही दुखू शकते, म्हणून गाडी चालवायला कोणाला तरी सोबत न्या, स्वतः चालवत येऊ नका. काढण्याची तारीख मात्र लांबवू नका. काही महिने राहून गेलेल्या नळीवरच खडे चढतात आणि मग ती काढायला वेगळी शस्त्रक्रिया लागू शकते. आम्ही ती तारीख घरातल्या तिघांच्या मोबाईलवर टाकून ठेवली होती.