तबेल्यातलं गवत बुरसट येतंय, काय करू?

माझी घोडी भाड्याच्या तबेल्यात असते, चारा मालकांचाच. हल्ली गठ्ठा सोडला की पांढरी धूळ उडते, कुबट वास येतो. घोडी हुंगून तोंड फिरवते, रात्री ढासते. मालक म्हणतात, भिजवून घाला.

उत्तर: भिजवल्याने धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, गिळलं ते पोटातच! आजच बंद करा. खोकल्यासाठी डॉक्टर बोलवा.

उत्तर: पण उपाशी ठेवू नका हं. वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा रोज लागतोच. चांगलं गवत स्वतः आणा, थोडंथोडं, अनेकदा घाला; पोटशूळ फार वाईट.

प्रश्नकर्ती: आणते. मालकांना सोडलेला गठ्ठाच दाखवते, बाकीचे घोडेही तेच खातायत.