कॅम्पसमधल्या टाक्या, चेंबर आणि बोगदे : माणूस उतरवण्याआधी नेमकं काय तपासायचं?

देखभाल_कक्ष (प्रश्न)

विद्यापीठाच्या आवारातल्या बंदिस्त जागांची यादी करून प्रत्येकीसाठी परमिटची (आत उतरण्याच्या लेखी परवानगीची) पद्धत ठरवायची आहे. यादीत सध्या सांडपाण्याचे चेंबर, जमिनीखालची पाण्याची टाकी, वाफेच्या पाइपांचा आणि केबलचा बोगदा, लिफ्टचे खड्डे आणि रसायनशास्त्राच्या इमारतीमागचा उदासीनीकरणाचा (पाण्यातलं आम्ल-अल्कली मारण्याचा) हौद आहे. प्रयोगशाळांच्या सिंकचं पाणी या हौदात येऊन पुढे गटाराला जातं.

लगेचची कामं दोन. पाण्याची टाकी : आरसीसी, आतून ६ × ४ मीटर, खोली ३ मीटर, ६० सेंमीचं एकच तोंड, तळाशी वीतभर गाळ. ती साफ करून आतून कोटिंग मारायचं आहे. दुसरं, हौदातला पीएच प्रोब आणि त्याचा ब्रॅकेट बदलायचा आहे.

चार गॅसचा मीटर आहे (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड), सोबत पंप आणि ५ मीटर नळी. ब्लोअरच्या प्लेटवर ताशी २४०० घनमीटर लिहिलंय. शंका अशा :

१. झाकण उघडून तोंडाशी रीडिंग ठीक आलं की परमिटवर सही करायची का?
२. ब्लोअर किती वेळ आधी लावायचा?
३. कंत्राटदार म्हणतो, पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कसला आलाय गॅस, कंदील सोडून बघतो. त्याला काय सांगायचं?
४. बचावाच्या रकान्यात अग्निशमन दलाचा फोन नंबर आहे. तेवढ्यावर भागतं का?

चार_गॅस

आधी कंदील. ज्योत साधारण १६-१७ टक्के ऑक्सिजनला विझते. माणसाची विचारशक्ती त्याच्या आसपासच डळमळायला लागते, म्हणजे इशारा उशिराच मिळतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड जीव घेण्याइतके असले तरी ज्योत मजेत जळत राहते. आणि आत मिथेन असेल तर कंदील म्हणजे काडीच लावली. कंदील आवारातही नको.

पाण्याच्या टाकीत गॅस नसतो हे अर्धसत्य आहे. बंद टाकीत गाळातले जिवाणू ऑक्सिजन खातात, लोखंडी शिडी आणि पाइप गंजतानाही तो खर्च होतो. साफसफाईत कुणी ब्लीचिंग पावडर वापरली आणि त्यावर डाग काढायला ॲसिड ओतलं तर क्लोरीन निघतो, तो तुमच्या मीटरला दिसतच नाही. पाणी उपसायला पेट्रोलचा पंप आत किंवा तोंडाशी ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरतो. पंप सबमर्सिबल घ्या, पूर्ण उपसा वरून करा आणि माणूस आत असताना त्याची वीज तोडून कुलूप लावा. आतले दिवे २४ व्होल्टचे.

आता मीटर. दिवसाच्या पहिल्या वापराआधी बम्प टेस्ट, म्हणजे कॅलिब्रेशन गॅस (माहीत प्रमाणाचा गॅस) सोडून चारही सेन्सर हलतात आणि अलार्म वाजतो हे बघणं. झिरो (मीटर मूळ आकड्यांवर आणणं) मोकळ्या हवेत करा, चालू जनरेटरशेजारी नाही. मग झाकण पूर्ण न उघडता फटीतून नळी घाला. वायूचा हलकेपणा-जडपणा वेगवेगळा : मिथेन वर साठतो, हायड्रोजन सल्फाइड खाली, कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच. त्यामुळे वरून तळापर्यंत साधारण दर मीटरला एक रीडिंग. नळीच्या प्रत्येक मीटरला ३ सेकंद धरा, वर सेन्सर स्थिरावायला एक मिनिट. ५ मीटरच्या नळीला एका पातळीवर सव्वा मिनिट लागतं. नळी टाकून लगेच आकडा लिहिला तर तुम्ही नळीतली जुनी हवा मोजलीत. टोक गाळाच्या वीतभर वर थांबवा, पाणी ओढलं तर फिल्टर बंद पडतो.

नेहमी वापरले जाणारे आकडे : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला तो पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली, कार्बन मोनॉक्साइड २५ पीपीएमखाली (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग), हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. तुमच्याकडच्या नियमांत याहून कडक आकडे असतील तर ते घ्या.

इथे बहुतेकांची चूक होते. १९.५ म्हणजे ‘पास’ असं समजलं जातं. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ असतो. तो दुसऱ्या वायूने ढकलला गेल्यामुळे २०.५ दिसत असेल, तर त्या जागेत जवळपास २ टक्के, म्हणजे १९,००० पीपीएम, भलतंच काहीतरी आहे. निरुपद्रवी वायू असेल तर ठीक, विषारी असेल तर एवढ्यात माणूस मरतो. ०.२-०.३ ची घट दिसली तरी कारण सापडेपर्यंत सही नको.

ऑक्सिजनचं रीडिंग आधी वाचायचं त्यालाही कारण आहे. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर आत वायू जाळून मोजतो. ऑक्सिजन फार कमी असेल (१० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली) तर तो खोटा कमी आकडा दाखवतो. सिलिकॉनच्या वाफांनी हा सेन्सर कायमचा आंधळा होतो, म्हणून मीटरच्या पेटीत सिलिकॉन स्प्रे किंवा सीलंट ठेवू नका.

ब्लोअरचं गणित. टाकी ७२ घनमीटर. प्लेटवरचे २४०० हे डक्ट (हवा नेणारा जाड पाइप) न लावता. आठ-दहा मीटर डक्ट आणि दोन वळणं लावली की १५०० मिळाले तरी चांगलं. हवा नीट मिसळते असं धरलं तर टाकीभर हवा ५ वेळा बदलल्यावर मूळ वायूचा ०.७ टक्का उरतो. कोपऱ्यात ती मिसळत नाही, म्हणून ७.५ पट धरा : ७२ × ७.५ = ५४० घनमीटर, भागिले १५०० म्हणजे जेमतेम २२ मिनिटं. मी परमिटवर ३० लिहीन. त्यानंतर ब्लोअर बंद करून १० मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. आकडा परत चढला तर गाळातून किंवा पाइपातून वायू येतोय, नुसत्या हवेने ते सुटणार नाही. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच. ताशी २० वेळा हवा बदलायला १४४० लागतात, म्हणजे तुमचा ब्लोअर काठावर पुरतो.

डक्टचं टोक तोंडापासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात, जमिनीपासून अर्धा मीटर वर. तोंडाशीच सोडलं तर हवा आत जाऊन तिथूनच बाहेर पडते आणि टाकी तशीच राहते. ब्लोअर ओढतो ती हवा कुठली आहे तेही बघा, शेजारी गाडी चालू ठेवून उभी असेल तर तिचाच धूर तुम्ही आत पंप कराल.

प्रश्न १ चं उत्तर यात आलंच : तोंडाशी घेतलेलं रीडिंग तोंडापुरतं आणि त्या मिनिटापुरतं. गाळात फावडं घातलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मीटर आतल्या माणसाच्या छातीवर, नाकाजवळ, पूर्ण वेळ. वासावर जाऊ नका. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक मरतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं.

फ्यूमहूड

वरच्या उत्तरात भर हौदाबद्दल. त्या हौदात माणूस उतरवूच नका. पीएच प्रोब उभ्या पाइपवर किंवा सरकत्या रेलवर बसवता येतो, वरून ओढून कॅलिब्रेट करता येतो. आताचा ब्रॅकेट आत गेल्याशिवाय निघत नसेल तर हौद रिकामा करून, धुऊन, एकदाच उतरा आणि त्याच वेळी रेल बसवून घ्या.

कारण चार गॅसचा मीटर या हौदासाठी अपुरा आहे. टोल्युइन घ्या. त्याची खालची स्फोटमर्यादा १.१ टक्का, म्हणजे ११,००० पीपीएम. १० टक्क्यांचा अलार्म ११०० पीपीएमला वाजणार, आणि जिवाला तात्काळ धोका ५०० पीपीएमलाच मानला जातो. शिवाय मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर जड वाफा कमीच दाखवतो. त्यासाठी पीआयडी (अतिनील दिव्याने वाफा मोजणारा मीटर) लागतो. पण पीआयडीलाही मर्यादा आहे : नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म दिसत नाहीत, दोघांनाही ११.३ च्या वर ऊर्जा लागते. सिंकमध्ये हे ओतायला बंदी असते हे मान्य, पण बंदी असलेलं हौदात सापडतच नाही असं कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट, हौदाचं वरचं टोक तुमच्या हातात नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणी आम्लाची बाटली रिकामी केली आणि हौदात सल्फाइड असेल तर हायड्रोजन सल्फाइड, सायनाइड असेल तर हायड्रोजन सायनाइड. विभागप्रमुखांना पत्र पाठवणं म्हणजे आयसोलेशन (हौद येणाऱ्या लाइनींपासून तोडणं) नव्हे. येणाऱ्या पाइपात फुगवायचा प्लग आणि त्याला आधार (नुसता प्लग पाण्याच्या दाबाने गोळीसारखा सुटतो), सिंकचं पाणी तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या टाकीत वळवणं, आणि काम सुट्टीच्या दिवशी. सुट्टीतही संशोधक विद्यार्थी रात्रंदिवस असतात, म्हणून प्लग हवाच. आम्ल-अल्कलीच्या डोसिंग पंपांना कुलूप आणि त्यांच्या लाइनी फ्लँजपाशी सोडवून ठेवा.

देखभाल_कक्ष

हौदासाठी रेल मान्य. टाकीतल्या कोटिंगच्या वेळी ब्लोअर तसाच चालेल का? आणि चौथा प्रश्न राहिला.

चार_गॅस

कोटिंगला तसाच नाही. आधी विद्रावक नसलेलं, पिण्याच्या पाण्याला चालणारं इपॉक्सी मिळतं का बघा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. विद्रावक असेल तर त्याची वाफ जड, तळाशी बसते. मग तळातून ओढून बाहेर टाकणारा दुसरा, स्फोटरोधक मोटरचा ब्लोअर हवा, डक्ट अर्थ केलेला, आणि माणसाला बाहेरून हवा पुरवणारा मास्क. काडतुसाचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही, धुळीचा तर सोडाच. कोटिंग सुकेपर्यंत वाफ येत राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तपासणीला जाणाऱ्या इंजिनियरलाही पूर्ण परमिट लागतं. हे हमखास विसरलं जातं.

ट्रायपॉड

चौथ्या प्रश्नाचं उत्तर : नाही भागत. श्वास थांबल्यावर मेंदूला चार-सहा मिनिटं मिळतात. गाडी फाटकातून आत येऊन ‘ग्रंथालयाच्या मागची टाकी’ शोधेपर्यंत ती संपलेली असतात. फोन करायचाच, पण पहिला बचाव वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असला पाहिजे, तोही आत न उतरता.

त्यासाठी तोंडावर ट्रायपॉड, त्याला हाताने फिरवायची विंच, आणि आतल्या माणसाला पूर्ण अंगाचा हार्नेस. दोर पाठीवरच्या किंवा खांद्यांवरच्या रिंगला लावा म्हणजे माणूस उभा वर येतो. कमरेच्या पट्ट्याला दोर लावला तर बेशुद्ध माणूस घडी होतो आणि ६० सेंमीच्या तोंडात अडकतो. हार्नेस उतरण्याआधीच घातलेला, दोर काम संपेपर्यंत जोडलेला. डक्टने तोंड अडणार नाही हेही बघा. ३० सेंमीचा गोल डक्ट ६० च्या तोंडात असेल तर माणूस निघत नाही, तोंडापुरता चपटा तुकडा मिळतो तो वापरा किंवा डक्ट एका झटक्यात ओढता येईल असा ठेवा. कामाआधी ८० किलो वाळूची गोणी हार्नेसमध्ये बांधून एकदा वर काढून बघा. ट्रायपॉडच्या पायांची साखळी लावली नव्हती, विंचचा दांडा स्टोअरमध्येच राहिला, हे त्याच वेळी कळतं.

वरचा माणूस फक्त वर असतो. त्याच्याकडे आत किती गेले याची नोंद, बोलण्याचं साधन, हवेचा भोंगा. त्याला ‘जरा स्पॅनर आण’ म्हणून पाठवायचं नाही, जेवणाला बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही. आणि सहकारी कोसळला तरी त्याने उतरायचं नाही. एकामागोमाग तीन-चार जण जातात ते असेच. दुसरा उतरतो तो पहिल्याला चक्कर आली असेल असं समजून, आणि तीच हवा घेतो.

कॅम्पसवर आणखी एक त्रास म्हणजे येणारे-जाणारे. तोंडाभोवती दोन मीटरवर पक्के बॅरिकेड लावा, नुसती रंगीत पट्टी फोनमध्ये डोकं घालून चालणाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक जागेला क्रमांक द्या, तो झाकणावर रंगवा आणि तोच क्रमांक फाटकावरच्या नकाशात ठेवा.

बोगद्यात ट्रायपॉडचा उपयोग नाही आणि दोर वळणांवर अडकतो. तिथे वाफेचा व्हॉल्व्ह कुलूपबंद, दोन्ही टोकं उघडी, आणि प्रत्येकाच्या कमरेला १५ मिनिटांचं सुटकेचं हवेचं उपकरण. वाकून, धुरात चालताना १५ मिनिटांत किती अंतर जातं ते प्रत्यक्ष चालून मोजा आणि त्याच्या निम्म्याहून लांब माणूस पाठवू नका. वॉकीटॉकी कुठे बंद पडतो ते त्याच फेरीत कळेल.

क्रायो

यादीत दोन जागा सुटल्यात. कुणी त्यांना बंदिस्त जागा म्हणत नाही, तरी वागतात तशाच : द्रवरूप नायट्रोजनची साठवण खोली आणि शीतगृह.

१ लिटर द्रव नायट्रोजनची खोलीच्या तापमानाला जवळपास ७०० लिटर वाफ होते. ३ × ३ × २.७ मीटरच्या खोलीत १० लिटर सांडला तर ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि थंड वाफ जड असल्याने गुडघ्यापाशी त्याहून कमी. सांडलेलं बघायला वाकणारा माणूस तिथेच श्वास घेतो. गुदमरल्याची भावना साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते, ऑक्सिजन कमी झाल्याने येत नाही, त्यामुळे नायट्रोजनमध्ये माणूस काही न जाणवता कोसळतो. सेन्सर खोलीत आणि त्याचा आकडा दाराबाहेर दिसला पाहिजे.

शीतगृहात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ठेवत असतील तर ऑक्सिजनचा सेन्सर पुरत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड ४ टक्के झाला, म्हणजे जिवाला धोका, तरी ऑक्सिजन २०.१ च दिसतो आणि १९.५ चा अलार्म गप्प राहतो. १ किलो कोरड्या बर्फातून अर्ध्या घनमीटरहून जास्त वायू निघतो, वरच्या मापाच्या खोलीला २ किलोतच ४ टक्के भरतात. कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर लावा, जमिनीपासून ३० सेंमीवर, आणि दाराची कडी आतून उघडते का ते बघा.