द्राक्षात मिलीबगसाठी क्रिप्टोलेमस: कधी, किती सोडायचे?

प्रश्न (निफाड): थॉमसन वाण, गोडी छाटणी (फळांसाठीची ऑक्टोबर छाटणी) झाली आहे. ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसतोय. मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे एकरी किती लागतील? मागच्या वेळी सोडले, पण टिकले नाहीत.

उत्तर 1: एकरी 2000 ते 2500. सगळीकडे सारखे उधळू नका. पांढरा कापूस दिसतो त्या वेलींना खूण करा आणि संध्याकाळी तिथेच 8-10 सोडा. त्याआधी खोड-ओलांड्याची सुटी साल काढून जाळा, मिलीबग तिच्याखालीच लपतो. थंडीचं ध्यानात ठेवा: 16 अंशांखाली भुंगेरा मंदावतो आणि निफाडचा पारा जानेवारीत 10 च्याही खाली जातो. म्हणून आत्ताच सोडा.

उत्तर 2: न टिकण्याचं मोठं कारण मुंगळे. चिकट्यासाठी (मिलीबगच्या गोड, चिकट स्रावासाठी) ते मिलीबग राखतात, भुंगेऱ्यांना हुसकावतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा. खांब विसरू नका, मुंगळे तिथून तारेवर चढतात. ऑरगॅनोफॉस्फेट किंवा पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक फवारलं असेल तर भुंगेरे आणणं म्हणजे पैसे वाया.

उत्तर 3: एक कळकळीची विनंती, मजुरांना अळी ओळखायला शिकवा. क्रिप्टोलेमसची अळीही मेणकट पांढरीच असते, म्हणून मिलीबग समजून चिरडली जाते. तिचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, काडीने डिवचलं की ती झपझप चालते. मिलीबग जागचा फारसा हलत नाही. प्रौढ भुंगेरा काळपट, डोकं नारिंगी.

प्रश्नकर्ता: फवारणी झाली होती आणि मुंगळेही आहेत. आधी ग्रीसच्या पट्ट्या लावतो.