कान अधूनमधून ऐकेनासा होतो, पण तपासणीच्या दिवशी अहवाल नॉर्मल येतो: निदानासाठी काय करावे?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वय 43, रक्तातील साखर सीमारेषेवर, बाकी प्रकृती चांगली. गेल्या पावसाळ्यापासून माझा डावा कान अधूनमधून ऐकेनासा होतो. आधी कानाला दडा बसल्यासारखे जड वाटते, मग लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर सुरू होते, आणि ती वाढत गेली की त्या कानाला फोनवरचा आवाज पोचतो, पण शब्द लागत नाहीत. काही दिवसांनी हे सारे आपोआप ओसरते. चक्कर आजवर आलेली नाही. एक विचित्र अनुभव मात्र सांगायला हवा: कान बिघडलेला असताना हार्मोनियमची एकच पट्टी दाबली, तरी तिचा सूर दोन्ही कानांना वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो. डॉक्टर याला मनाचे खेळ म्हणतील असे वाटल्याने हे मी अद्याप कोणाजवळ बोललेले नाही.

अडचण अशी आहे की कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत कान सुधारलेला असतो. पडदा स्वच्छ, मळ नाही, ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) नॉर्मल. एका ठिकाणी सर्दीचा दडा म्हणून नाकात मारायचा फवारा मिळाला, तर दुसरीकडे ताण कमी करण्याचा सल्ला. वर्गात डाव्या बाजूच्या बाकांवरून विचारलेला प्रश्न ऐकू येत नाही तेव्हा विद्यार्थ्यांना मी दुर्लक्ष करते आहे असे वाटते, आणि घरच्यांनाही आता हे माझे निमित्त वाटू लागले आहे. हे नक्की काय असू शकते, कोणत्या तपासण्या मागाव्यात आणि तोपर्यंत काम कसे निभवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

शुद्धमध्यम:

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारी तज्ज्ञ आहे. निदान तुमचे डॉक्टरच करतील, परंतु त्यांच्या हाती योग्य कागद कसा पडेल एवढे मी निश्चित सांगू शकते. तुमचा नॉर्मल अहवाल खोटा नाही. तो त्या दिवशीच्या कानाचा अहवाल आहे. चढउतार होणाऱ्या श्रवणदोषात श्रवणचाचणीच्या एकट्या आलेखाला (ऑडिओग्रामला) फारसा अर्थ नसतो, बिघडलेल्या दिवसाचा आणि सुधारलेल्या दिवसाचा आलेख शेजारी ठेवल्यावरच गोष्ट उलगडते. ऑडिओमेट्रीसाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. जवळच्या एखाद्या श्रवणचाचणी केंद्राशी आजच, म्हणजे कान बरा असतानाच बोलून ठेवावे, आणि दडा बसला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चाचणी करून घेता येईल असे ठरवून घ्यावे. आवाज हवेतून आणि कानामागच्या हाडातून पोचवून अशी दोन्ही प्रकारची चाचणी 250 ते 8000 हर्ट्झपर्यंत करावी, सोबत शब्द ओळखण्याची चाचणी आणि पडद्यामागचा दाब पाहणारी टिंपॅनोमेट्री असावी. केवळ 'नॉर्मल' असा शेरा न घेता मूळ आलेख मागून घ्यावा, कारण 500 हर्ट्झला 5 डेसिबलवरून 25 डेसिबलवर (आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी) गेलेला कान शेऱ्यात नॉर्मलच राहतो आणि आलेखात मात्र 20 डेसिबलची घट स्पष्ट दिसते.

सुरांचा जो अनुभव तुम्ही लपवून ठेवला आहे, तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. एकच सूर दोन कानांना वेगळा लागणे हे आतल्या कानातील कॉक्लियाच्या, म्हणजे ऐकण्याच्या शंखाकृती अवयवाच्या दोषात वारंवार आढळते आणि सर्दीच्या दड्याचे ते लक्षण नव्हे. घरी एक साधी पडताळणीही करता येईल. कान बिघडलेला असताना तोंड मिटून एका सुरात गुणगुणावे. आवाज बिघडलेल्या कानात जास्त घुमला, तर मळ किंवा पडद्यामागचे पाणी असा वाटेतला अडथळा संभवतो; तो चांगल्या कानाकडे सरकला, तर दोष आतल्या कानात असण्याचा संभव अधिक. डॉक्टर 512 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर ठेवून हेच पाहतात, फक्त अधिक नेमकेपणाने.

यातील एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. लागून असलेल्या तीन वारंवारतांवर 30 डेसिबल किंवा अधिक घट 72 तासांच्या आत झाली, तर तो आकस्मिक श्रवणदोष समजून तातडीने उपचार करतात, आणि त्यातील स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास सर्वाधिक असतो. आजवर दर वेळी कान परत आला म्हणून या वेळीही येईल, असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

खाडीपलीकडे:

ताई, तुमचे वर्णन वाचताना माझीच सुरुवातीची वर्षे आठवली. मलाही आधी केवळ दडा, घरघर आणि खालच्या पट्टीतील आवाज न लागणे एवढेच होते, त्यामुळे बरेच दिवस आतल्या कानातील द्रवाचा दाब वाढल्याची नुसती शंका होती. पुढे गरगरून टाकणारी चक्कर सुरू झाली तेव्हा मेनियर हे नाव मिळाले. तुमचेही तसेच होईल असे अजिबात नाही, अनेकांना चक्कर कधीच येत नाही. पण निदानाला वेळ का लागतो हे समजल्यावर माझा डॉक्टरांवरचा राग बराच उतरला, म्हणून सांगतो. प्रॉस्पर मेनियर यांनी अशी चक्कर मेंदूतून नव्हे तर कानातून येते हे पॅरिसमध्ये 1861 साली मांडले. कानातील द्रवाची ती फुगवट प्रत्यक्ष दिसली ती 1938 साली, आणि तीही रुग्णांच्या मृत्यूनंतर काढलेल्या कानाच्या हाडांत. आता शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उठावदार करणारे द्रव्य देऊन सुमारे चार तासांनी केलेल्या विशेष एमआरआयमध्ये ती जिवंत माणसात दिसू शकते, परंतु ही सोय मोजक्या केंद्रांत आहे. 2015 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेले मेनियरच्या निदानाचे निकष आजही रुग्णाची हकिगत आणि ऑडिओग्राम यांवरच उभे आहेत: 20 मिनिटे ते 12 तास टिकणारी चक्कर किमान दोनदा, चाचणीत नोंदलेली खालच्या-मधल्या वारंवारतांची घट, आणि त्याच कानात कमीजास्त होणारी लक्षणे. म्हणजे शुद्धमध्यम यांनी सांगितलेला बिघडलेल्या दिवसाचा आलेख नसेल, तर निदानाचा एक पायाच नाही.

तुम्हाला बीटाहिस्टिन हे मेनियरसाठी वापरले जाणारे औषध लिहून दिले जाण्याची शक्यता आहे. मी ते घेतले आहे आणि त्याने मला बरे वाटले, पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील मोठ्या चाचणीत चक्करीचे झटके बीटाहिस्टिन घेणाऱ्यांत आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत सारखेच कमी झाले. झटके आपोआप ओसरणाऱ्या आजारात कोणते श्रेय कशाला द्यायचे हा प्रश्न राहतोच. मिठाचेही तेच. लोणचे, पापड आणि फरसाण मी बेताने खातो. पुरावा तोकडा असला तरी त्यात नुकसान काही नाही.

निरगुडी:

वरील प्रतिसादांशी मी सहमत आहे, फक्त मेनियरवरच सर्वांचे लक्ष खिळू नये म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीची सुरुवात अशीच एका कानापासून झाली होती, पण काही महिन्यांत दुसराही कान उतरू लागला आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतल्या कानावर उलटल्याचा संशय घेतला गेला. या आजारासाठी खात्रीची अशी एकच रक्तचाचणी नाही. स्टेरॉइड दिल्यावर श्रवण सुधारले, हाच तिच्या बाबतीत सर्वांत मोठा पुरावा ठरला. तिला संधिवाताच्या तज्ज्ञांकडेही पाठवले गेले. त्यामुळे दुसऱ्या कानात काही जाणवले, डोळे लाल होऊन दुखले किंवा उजेड सहन होईनासा झाला, सांधे आखडले किंवा अंगावर चट्टे उठले, तर ते कानाशी संबंधित नाही असे समजून गाळू नका. अर्धशिशीचा इतिहास असेल तर तोही सांगा. सिफिलिसची रक्तचाचणी लिहून दिली तर अपमान मानू नये; हा आजार आतल्या कानाला इजा करतो आणि त्यावर उपचार आहे, म्हणून ती विचारपूर्वक लिहिलेली असते.

घरच्यांविषयी: बहिणीच्या सासरी बिघडलेल्या दिवसाचा आलेख दाखवल्यावर सूर बदलला. कागदावर खाली उतरलेली रेषा सासूबाईंना जे पटवू शकली, ते तिला बोलून पटवता आले नव्हते.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. साताऱ्यातील एका केंद्राशी बोलले. दडा बसताच फोन करून यायला त्यांनी सांगितले आहे. दोन शंका उरल्या. साखर सीमेवर असताना स्टेरॉइड कितपत सुरक्षित आहे? आणि पहिल्या डॉक्टरांनी नको म्हटलेला एमआरआय मी स्वतःहून मागावा का?

शुद्धमध्यम:

तोंडावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढतेच, त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वीच तुमच्या फिजिशियनना कल्पना असावी आणि घरी ग्लुकोमीटर असावा. साखर आवरत नसेल, तर पडद्यातून थेट मध्यकर्णात स्टेरॉइड टोचण्याचा मार्ग असतो. त्यात औषध रक्तात फारच थोडे उतरते. मात्र पूर्वीच्या एखाद्याच्या चिठ्ठीवरून गोळ्या स्वतः सुरू करू नयेत.

एमआरआयविषयी माझे मत स्पष्ट आहे. एकाच कानाची आतली घट आलेखावर सिद्ध झाली, तर श्रवणाच्या नसेवरील गाठ वगळण्यासाठी तो करावा. ही गाठ कर्करोगाची नसते आणि क्वचितच सापडते, पण कमीजास्त होणाऱ्या श्रवणामागेही ती निघू शकते. चिठ्ठीवर नुसता मेंदूचा एमआरआय न लिहिता आतील श्रवणमार्गाचा, म्हणजे आयएसीचा उल्लेख करून घ्यावा, अन्यथा लहान गाठ निसटू शकते.

वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर चांगला कान मुलांकडे येईल अशी जागा निवडा. तुमच्या बाबतीत उजवा कान मोकळा राहावा म्हणून सारी बाके तुमच्या उजव्या हाताला येतील असे फळ्याचे डावे टोक सोयीचे पडेल. प्रश्न विचारणाऱ्याने हात वर करावा हा नियम पहिल्याच तासाला घालून द्यावा, कारण एका कानाने आवाजाची दिशा लागत नाही. याच कारणाने बिघडलेल्या दिवसांत दुचाकी चालवणे टाळावे. श्रवणयंत्राची घाई नको. ऐकण्याची पातळी बदलत असताना बसवलेले यंत्र सुधारलेल्या दिवशी कर्कश वाटते, म्हणून आधी दोन-तीन आलेख जमू द्या. यंत्र लागलेच, तर दोन वेगळ्या पातळ्या साठवता येणारे घेऊ.