डिझेल इंजिन काढून सोलर पंप घेऊ का?

विहीरवाला: साडेतीन एकर आहे, विहीर ५० फूट. डिझेलच्या खर्चाने जीव मेटाकुटीला आलाय आणि लाइट येते रात्री, पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला बॅटरी घेऊन जावं लागतं. सोलर खरंच चालतो का? की इथेनॉल वगैरे येतंय त्याची वाट बघू?

माळरान: वाट बघू नका दादा. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत किमतीतला आपला हिस्सा १० टक्के, एससी-एसटीला ५, तुमच्या क्षेत्राला ५ एचपीचा पंप बसतो. माझा उन्हाळ्यात मस्त चालतो पण सकाळी नऊपर्यंत धार बारीकच असते, आणि पॅनलवर धूळ बसली की लगेच पाणी कमी होतं म्हणून मी आठवड्याला ओल्या फडक्याने पुसतो, पावसाळ्यात ढग आले की बंदच समजा.

ऊसपट्टा: इथेनॉल पेट्रोलात मिसळतात, २० टक्के, तुमच्या डिझेल इंजिनाला त्याचा काय उपयोग? शिवाय लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. आणि ते उसापासून काढायचं तर उसाला पाणी किती लागतं हे आम्हाला विचारा!

विहीरवाला: बरं, अर्ज करतोच. इंजिन मात्र विकत नाही, श्रावणात लागेल.