जुनी कॅमरी हायब्रिड घ्यायची आहे, बॅटरी कशी तपासू? मदत हवी आहे

मंडळी, २०१५ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड बघितली आहे. गाडी पुण्यातच आहे, एकाच मालकाची, १ लाख १० हजार किमी चाललेली. इंजिन, सस्पेन्शन, आतली लेदरची सीटं, सगळं झकास. घोडं अडलंय ते मोठ्या बॅटरीपाशी.

या मॉडेलमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे, ३४ मॉड्यूलची (म्हणजे एकत्र जोडलेल्या छोट्या बॅटऱ्यांची), साधारण २४५ व्होल्टची. मालक डॅशबोर्डवरच्या कांड्या दाखवून "बघा, फुल आहे" म्हणतात. पण त्या कांड्या म्हणजे फक्त त्या घडीचा चार्ज, बॅटरीची तब्येत नव्हे. टेस्ट ड्राइव्हला सिग्नलवर एसी चालू ठेवून थांबलो, तर कांड्या भराभर उतरल्या आणि इंजिन लगेच सुरू झालं. चढ उतरताना तितक्याच पटकन भरल्याही. हे क्षमता घटल्याचं लक्षण ना? की पुण्याच्या उन्हात एवढं चालायचंच? बॅटरी गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळीही धुळीने बुजलेली दिसली, ते काही मला बरं वाटलं नाही.

ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून ब्लॉकवार, म्हणजे मॉड्यूलच्या एकेका गटाचं, व्होल्टेज बघायचा विचार आहे. लोड असताना ब्लॉकांमध्ये किती फरक आला तर गाडी सोडून द्यावी? आणि सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणीचा लेखी रिपोर्ट मिळतो का? पूर्ण पॅक बदलायला अलीकडे कोणाला किती खर्च आला तेही सांगा, म्हणजे भावात तेवढं घासून घेता येईल. एकेक मॉड्यूल बदलून देणारे मेकॅनिक आहेत म्हणे, पण जुन्यात नवं मॉड्यूल कितपत टिकतं?